पिकअप गाडीवरची उतरती खोली : आधी वजन, मग सुतारकाम



धानाची कापणी झाली, खळ्यावर पुंजणे लागले, की आपल्या नवेगाव बांध भागात रात्रीच्या जागलीची काळजी सुरू होते. रानडुकरे येतात, थंडी असते, शेजारी जंगल असते. पुढे माघ पौर्णिमेला कचारगडची आणि महाशिवरात्रीला प्रतापगडची यात्रा. तिथे दुकान लावणाऱ्यांना दोन-तीन रात्री उघड्यावर काढाव्या लागतात. आता गावोगावी पिकअप गाड्या झाल्या आहेत. तेव्हा हौद्यात बसेल अशी खोली करावी, गरज असेल तेव्हा चढवावी, काम झाले की उतरवून शेतावर उभी करावी, असा विचार काही जण करू लागले आहेत. तीच माहिती आज घेऊ.

कल्पना तशी आपल्याला नवी नाही. लग्नाला जाताना बंडीवर बांबूच्या कमानी आणि तट्ट्या बसवायचे, माणसे घरी आली की तट्ट्या काढून त्याच बंडीत धानाचे भारे आणायचे. बंडी एक, कामे दोन. फरक इतकाच की बंडी बैलांच्या चालीने चालते आणि पिकअप ताशी पन्नास-साठ किलोमीटरने. बंडीवर खपून जाणारी चूक इथे जिवावर बेतते. म्हणून खोली कशी सजवायची हे नंतर. गाडी ती किती पेलते, हे आधी.

१. नोंदणी पुस्तक काढा आणि वजाबाकी करा

गाडीच्या नोंदणी पुस्तकात दोन आकडे असतात. एक गाडीचे रिकामे वजन आणि दुसरा भारासहित एकूण वजन. दुसऱ्यातून पहिला वजा केला की गाडीवर किती भार घालता येतो ते कळते. विक्रेत्याने काय सांगितले, शेजाऱ्याच्या गाडीवर किती कट्टे जातात, यावर जाऊ नका. आपल्या पुस्तकातला आकडा तोच खरा.

समजा, वजाबाकी १,२०० किलो आली. त्यातून पुढीलप्रमाणे वजा करा :

चालक आणि सोबती, दोन माणसे : १४० किलो
खोली, दार, फळ्या, पाय धरून : २५० किलो
पाणी १०० लिटर : १०० किलो
अंथरूण, भांडी, बॅटरी, अवजारे : ११० किलो
एकूण : ६०० किलो

म्हणजे ६०० किलो शिल्लक राहिले. ठीक आहे. पण हीच खोली छोट्या चारचाकीवर ठेवली तर? आपल्याकडे ज्याला छोटा हाथी म्हणतात ती टाटा एस २००५ साली बाजारात आली, आणि तेव्हापासून त्या जातीच्या गाड्या खेड्यापाड्यात पोचल्या. अशा गाडीची वजाबाकी ७५० किलो आली, तर शिल्लक उरतात फक्त १५०. त्यात सासुरवाडीला द्यायचे ४० किलोचे तीन कट्टे टाकले की उरले ३०. चौथा कट्टा टाकला की भार हद्दीबाहेर गेला. शिवाय ही गाडी अरुंद असते, उंच खोलीने वळणावर कलते. छोट्या गाडीला लाकडी खोली नकोच. तिला कमानी आणि ताडपत्रीच बरी.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार जादा भारासाठी वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार रुपये दंड आहे. पण दंड भरून सुटता येते. उतारावर ब्रेक लागला नाही तर सुटता येत नाही.

२. पाटे वाढवले म्हणून गाडीची ताकद वाढत नाही

गाडी मागे बसली की गॅरेजमध्ये जाऊन पाटे वाढवून घेण्याची आपल्याकडे सवय आहे. पाटा वाढवला की गाडी वर उचललेली दिसते एवढेच. ब्रेक तेच, टायर तेच, ॲक्सल तोच, बेअरिंग तेच. ज्याची ताकद सगळ्यांत कमी, तेवढीच गाडीची ताकद. उलट गाडी ताठ दिसते म्हणून आपण आणखी भार घालतो आणि फसतो.

गाडीचे करायचे ते काम असे. टायर कंपनीने सांगितलेल्या मापाचेच असू द्या आणि हवा भाराप्रमाणे भरा. ही हवा किती, ते गाडीसोबतच्या पुस्तिकेत दिलेले असते. ब्रेकचे लायनर आणि ब्रेकचे तेल तपासून घ्या. पाट्यांत भेग आहे का, यू-बोल्ट ढिले आहेत का, ते पाहा. हौद्याची जमीन गंजली असेल तर आधी ती दुरुस्त करा.

चासीला भोके पाडू नका, वेल्डिंग करू नका. चासी ज्या जागी तापते त्या जागी ती कमकुवत होते आणि तडा तिथूनच जातो.

३. बंडी उलाळ होते, तशी गाडीही होते

बंडीत मागे भार जास्त झाला की काय होते, हे इथे कोणाला सांगायला नको. बंडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. पिकअपचेही तसेच आहे. खोलीचा भार मागच्या चाकांच्या मागे गेला की पुढची चाके हलकी पडतात. स्टिअरिंग हाताला हलके लागते. ब्रेक दाबला तर पुढची चाके जमीन नीट धरत नाहीत.

म्हणून जड वस्तू मागच्या ॲक्सलच्या पुढे आणि हौद्याच्या तळाशी ठेवा. पाण्याचे कॅन, बॅटरी, धान्य हे सगळे खाली आणि केबिनच्या बाजूला. वर फक्त अंथरूण. खोलीच्या छतावर तर काहीच नको, खाटही नको. पाणी एका मोठ्या ड्रमात ठेवू नका. अर्धा भरलेला ड्रम वळणावर हिंदकळतो आणि गाडीला ओढतो. वीस-वीस लिटरचे कॅन बरे.

सगळे सामान भरून, खोली चढवून, एकदा वजनकाट्यावर जा. आपल्या भागात भातगिरण्या पुष्कळ, त्यामुळे काटाही दूर नाही. आधी पूर्ण गाडी तोला. मग फक्त पुढची चाके काट्यावर घ्या, मग फक्त मागची. ॲक्सलवर किती भार चालतो ते पुस्तिकेत पाहून ताडून घ्या. या कामाला अर्धा तास लागतो.

अमेरिकेत पिकअपवर अशा खोल्या ठेवून हिंडणारी कुटुंबे पुष्कळ. तिथे १९७० च्या दशकात सरकारने नियमच केला की, खोली बनवणाऱ्याने तिचे वजन आणि भाराचा मध्य कुठे येतो ते सांगावे, आणि गाडी बनवणाऱ्याने तो मध्य कुठवर चालेल ते सांगावे. आपली खोली गावचा सुतार आणि वेल्डर करणार. तेव्हा हा हिशेब आपणच ठेवायचा.

४. खोली हलकी आणि ठेंगणी करा

लांबी २.४ मीटर, रुंदी दीड मीटर, उंची दीड मीटर एवढी खोली दोन माणसांना पुरते. आपल्या हौद्याचे माप घेऊन त्यात थोडाफार बदल करा. आत उभे राहता येणार नाही, पण बसता-झोपता येते. उभे राहण्याचा हट्ट धरला की खोली उंच होते, वारा धरते आणि गाडी कलते. कोहमाऱ्याला राष्ट्रीय महामार्ग लागला की समोरून भरधाव ट्रक येतात. त्यांच्या वाऱ्याचा धक्का उंच खोलीला बसतो.

या मापाच्या खोलीला भिंती, छत आणि तळ मिळून सुमारे १९ चौरस मीटर फळी लागते. १२ मिलिमीटर प्लायवूड एका चौरस मीटरला जवळपास ८ किलो भरते. सगळीकडे तेच लावले तर १५० किलो झाले. त्याऐवजी तळाला १२ मिलिमीटर आणि भिंती-छताला ६ मिलिमीटर लावा, वजन ९० किलोवर येते. म्हणजे ६० किलो, दीड कट्टा धान वाचले. एक मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्राही चौरस मीटरला ८ किलोच भरतो, म्हणून पत्रा हलका समजू नका. सांगाडा २५ मिलिमीटरच्या चौकोनी नळीचा, २ मिलिमीटर जाडीचा करा. त्याचे वजन मीटरला सुमारे दीड किलो.

दार मागच्या बाजूला. दाराची कडी आतून उघडता आली पाहिजे. त्याशिवाय माणूस बाहेर पडू शकेल एवढी एक खिडकी दुसऱ्या बाजूला ठेवा. खिडक्यांना डासांची जाळी लावा.

५. चढवणे, बांधणे, उतरवणे

खोलीच्या चार कोपऱ्यांना चार पाय आणि प्रत्येकाला स्क्रूचा जॅक. दोन बाजूंच्या पायांत गाडीच्या रुंदीपेक्षा दोन्हीकडे दहा-दहा सेंटिमीटर जागा जास्त ठेवा. पायांना तिरपे आडवे बांध द्या. जॅक फिरवताना एक कोपरा एकदम वर घेऊ नका. चारही कोपरे पाळीपाळीने, थोडे थोडे उचला. खोली हौद्यापासून सुटली की गाडी हळू पुढे काढा. त्या वेळी खोलीत किंवा खोलीखाली कोणी नको, लेकरे तर आसपासही नकोत.

बांधीतली जमीन ओली असते. पायाखाली रुंद फळी किंवा सपाट दगड दिल्याशिवाय खोली उभी करू नका. एक पाय रुतला की सगळी खोली पडते. गाडी निघून गेल्यावर खोली जितकी खाली घेता येईल तितकी घ्या.

हौद्यात रबराची जाड चटई अंथरा, म्हणजे खोली सरकत नाही. पुढच्या बाजूला, केबिन आणि खोली यांच्यामध्ये लाकडी ठोकळे घट्ट बसवा. ब्रेक दाबला की खोली पुढेच झेपावते. चारही कोपरे हौद्याच्या मूळच्या हुकांना साखळी आणि ताणस्क्रूने आवळा. नुसता नायलॉनचा दोर ताणतो आणि ढिला पडतो. निघाल्यावर दहा किलोमीटरवर थांबा, उतरा, पुन्हा आवळा. मागचे दिवे, नंबर पाटी आणि चमकपट्ट्या खोलीने झाकल्या जाऊ नयेत. जमिनीपासून छतापर्यंतची उंची मोजून आकडा चालकासमोर चिकटवून ठेवा. गावातल्या लोंबत्या तारा आणि मोहाच्या फांद्या वाट पाहत असतात.

६. चालत्या गाडीत खोलीत माणूस नको

ही गोष्ट घरात सर्वांना सांगा. गाडी चालू असताना ती खोली म्हणजे माल. माणसे केबिनमध्ये, आणि पुस्तकात जितकी आसने तितकीच. यात्रेला जाताना "पोरं मागं झोपतील" असे म्हणू नका. गाडी पलटली तर मागे पट्टा नाही, आसन नाही, धरायला काही नाही. आणि विमाही नाही. मालवाहू गाडीत फुकट बसवलेल्या प्रवाशांची भरपाई विमा कंपनीवर पडत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला आहे. उरलेल्या कुटुंबांची भरपाई मग गाडीमालकाच्या शेतावर येते.

खोली उतरती असावी, हेही त्याचसाठी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ बांधणीत मनाने बदल करता येत नाही. खोली कायमची जोडायची असेल तर आधी गोंदियाच्या परिवहन कार्यालयात विचारा. विमा कंपनीलाही लेखी कळवा.

७. रात्रीची काळजी

थंडी कितीही असो, बंद खोलीत शेगडी, निखाऱ्याची घमेली किंवा स्टोव्ह नेऊ नका. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला झोप येते आणि तो उठत नाही. खोलीला खाली एक आणि वर एक अशी दोन झरोकी ठेवा आणि ती थंडीतही बुजवू नका. स्वयंपाक बाहेर. गॅसची टाकीही झोपताना बाहेर, कारण गळालेला गॅस हवेपेक्षा जड असतो, तो तळाशी साचतो आणि आपण तळाशीच झोपतो. ऊब हवी तर जाड गोधडी आणि तळाला तणसाची गादी.

दिव्यासाठी वेगळी बारा व्होल्टची बॅटरी ठेवा आणि तिच्याजवळच फ्यूज बसवा. गाडीच्या बॅटरीवर रात्रभर दिवा जाळला तर सकाळी गाडी सुरू होत नाही.

आपण नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या शेजारी राहतो. घट्ट दाराची खोली रानडुकरापासून, बिबट्यापासून आणि सापाकिरड्यापासून उघड्या माळ्यापेक्षा बरी. पण २०२२ साली आपल्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यात रानटी हत्तींचा कळप आला होता, हे विसरू नका. हत्तीपुढे प्लायवूड टिकत नाही. शेतावर खोली उभी असताना तिच्यात धान, मोहफूल किंवा गूळ ठेवू नका. हत्ती आल्याची खबर असेल त्या रात्री जागल सोडून गावात या. पीक पुढच्या वर्षी पुन्हा येते.

बंधूंनो, आपला नवेगावचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरेने सांगतात. पाण्याचा भार पाळीवर किती येईल, याचा अंदाज आधी घेतला, तरच पाळ टिकते. गाडीचेही तसेच आहे. खोली बनवायला देण्याआधी उद्या सकाळी नोंदणी पुस्तक काढा, दोन आकडे कागदावर लिहा आणि वजाबाकी करा. शिल्लक उरली तरच सुतार बोलवा. उरली नाही तर ताडपत्री बरी.