जुनी एस्टीम ट्रॅकवर जाते तेव्हा

माझ्याकडे एक मारुती एस्टीम आहे. २००३ साली घेतलेली, पांढरी. आमच्या नेरुळच्या सोसायटीत तिच्या वायपरखाली दर आठवड्याला कुणीतरी चिठ्ठी अडकवून जातं, ‘जुनी गाडी विकायची आहे का?’ आमच्या सौभाग्यवतींच्या मते हा प्रश्न योग्य माणसाला विचारला जात नाही. पंधरा वर्षं झाली तेव्हा, म्हणजे २०१८ मध्ये, मी वाशीच्या आरटीओत जाऊन तिची नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली. २०२३ मध्ये पुन्हा वाढवली. आणि त्याच वर्षी, शहाण्या माणसाने जिला भंगारात काढलं असतं, त्या गाडीला घेऊन मी रेसिंग ट्रॅकवर गेलो. वय माझं त्या वेळी एकसष्ट. गाडीचं आणि माझं मिळून एक्याऐंशी!

हसू नका. याचं कारण जरा गंभीर आहे.

माझा एक भाचा आहे. सानपाड्याला राहतो, तेव्हा तेवीस वर्षांचा होता. एके रात्री त्याचा एक मित्र मोटारसायकलवरून पडला आणि त्याला दवाखान्यात पाहायला गेलो असताना बोलण्याबोलण्यात कळलं, की ही मंडळी रात्री एक-दीड वाजता पाम बीच रोडवर वेगाच्या पैजा लावतात. पाम बीच रोड तुम्हाला ठाऊक आहे. वाशीपासून बेलापूरपर्यंत सिडकोने केलेला रुंद, सरळ रस्ता, एका बाजूला खाडी आणि खारफुटी. दिवसा डोळ्यांना सुख देणारा आणि रात्री तरुण पोरांना नको ती हाक मारणारा. तिथे झालेल्या अपघातांच्या बातम्या नवी मुंबईकरांनी किती वाचल्या असतील, त्याची गणती नाही. मित्राचा पाय वाचला. पण मी भाच्याला घरी बोलावून चांगला फैलावर घेतला. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, तुरुंगवास होऊ शकतो, वगैरे सगळं ऐकवलं. त्याने खाली मान घालून ऐकून घेतलं आणि शेवटी एवढंच म्हणाला, “मामा, मग चालवायची कुठे? तू सांग.”

प्रश्न खोटा नव्हता. क्रिकेटवाल्याला मैदान आहे, पोहणाऱ्याला तलाव आहे. वेगाची हौस असणाऱ्याने जायचं कुठे? आपल्या देशात पूर्वी चेन्नईजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती होत. पुढे १९९० च्या सुमारास इरुंगाट्टुकोट्टईचा ट्रॅक झाला. २००३ मध्ये कोईमतूरजवळ चेट्टीपाळयमला करी मोटर स्पीडवे सुरू झाला. एस. करिवर्धन यांचं नाव त्याला दिलेलं आहे. या माणसाने मारुतीच्या साध्या इंजिनांवर स्वस्तातल्या रेसिंग गाड्या बांधून कितीतरी मुलांना या खेळात आणलं. १९९५ साली विमान अपघातात ते गेले. दिल्लीजवळचा बुद्ध सर्किट २०११ चा, तिथे तीन वर्षं फॉर्म्युला वनही झाली. आपल्या कोल्हापुरात गो-कार्टिंगची परंपरा आहे. पण चारचाकी घेऊन जायचं, तर तेव्हा आम्हा मुंबईकरांना दक्षिणेचीच वाट धरावी लागे.

या ट्रॅकवर काही दिवशी हौशी लोकांना स्वतःची गाडी चालवू देतात. त्याला ‘ट्रॅक डे’ म्हणतात. ही शर्यत नव्हे. पहिला नंबर नाही, कप नाही. पंधरा-वीस मिनिटांची पाळी असते. हेल्मेट सक्तीचं. पुढच्या गाडीवाल्याने हात करून वाट दिली, तरच आणि सरळ पट्ट्यावरच पुढे जायचं. वळणावर कुणी घुसाघुशी केली, की त्याला बाहेर काढतात. समोरून ट्रक येत नाही, मध्येच कुत्रं येत नाही, म्हातारी रस्ता ओलांडत नाही. आणि चूक झालीच, तर बाजूला गवत असतं, विजेचा खांब नसतो.

मी भाच्याशी करार केला. पाम बीच बंद. त्या बदल्यात एस्टीम आपण दोघं मिळून तयार करू आणि कोईमतूरला नेऊ. त्याने लगेच हात पुढे केला. माझ्या बहिणीला मात्र हा करार पटला नव्हता. ती म्हणाली, “दादा, तू त्याला सुधारायला निघालायस की बिघडवायला?” मी म्हटलं, “ताई, गाडी माझ्या हाताखालून जाणार आहे. काळजी करू नकोस.” हे वाक्य लक्षात ठेवा.

आता एस्टीमच का? एक तर घरात होती. दुसरं म्हणजे गाडी हलकी, पावणेनऊशे किलोच्या आसपास. इंजिन तेराशे सीसीचं, सोळा व्हॉल्व्हचं, नवं असताना पंच्याऐंशी हॉर्सपॉवर देणारं. आजच्या हिशेबात हे फार नाही, पण वजन कमी असलं की थोडक्या ताकदीत भागतं. एके काळी दक्षिणेतल्या शर्यतींत आणि रॅलींत एस्टीम मोठ्या संख्येने धावत.

भाच्याने कामांची यादी करून आणली. पहिलंच काम, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर. दुसरं, रुंद चाकं. तिसरं, एअर फिल्टर. मी आयुष्यभर ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला काढलं आहे. मी ती यादी उलटी केली आणि कोऱ्या बाजूला लिहिलं, ‘२००३ साली होती तशी.’ बाकी काही नाही. सायलेन्सरचं म्हणाल, तर कंपनीने दिलेल्या मूळ स्वरूपात बदल करायला कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मनाई आहे आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही ते बजावलं आहे. आम्हाला हीच गाडी चालवत तेराशे किलोमीटर जायचं होतं आणि परत यायचं होतं.

जुन्या गाडीचं दुखणं इंजिनात कमी आणि रबरात जास्त असतं. लोअर आर्मचे बुश हाताने पिळले तर चुरा पडत होता. तुर्भ्याच्या एमआयडीसीत एका लेथवाल्याकडे प्रेसवर नवे बुश बसवले, बॉल जॉइंट बदलले, इंजिनाची माउंटिंग बदलली. टायमिंग बेल्ट नवा घातला. पेट्रोलचे होज बदलले, तेही आपल्याकडे आता इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं म्हणून. आज तर पंपावर वीस टक्क्यांचं मिश्रण आलेलं आहे. इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही. होज वरून धडधाकट दिसतो आणि एक दिवस बॉनेटखाली पेट्रोलचा वास येऊ लागतो. ज्यांच्याकडे वीस वर्षांची गाडी आहे, त्यांनी ट्रॅकवर जायचं नसलं तरी एवढं काम करून घ्यावं.

रेडिएटर काढला तेव्हा एक गंमत कळली. आत थर्मोस्टॅटच नव्हता! कधीतरी कुणा मेकॅनिकने ‘गाडी गरम होते’ म्हणून काढून टाकला होता. आपल्याकडे हा इलाज सर्रास चालतो. ताप मोजणारा थर्मामीटर फोडला म्हणजे ताप गेला, त्यातला प्रकार. थर्मोस्टॅट नसला की इंजिन वेळेवर तापत नाही, पेट्रोल जास्त जातं, झीज वाढते. आणि मूळ रोग, म्हणजे गाळाने भरलेला रेडिएटर, तसाच राहतो. आम्ही रेडिएटर साफ करून घेतला, नवं झाकण लावलं. झाकणाला कमी लेखू नका. आतला दाब ते धरून ठेवतं, म्हणून पाणी शंभर अंशांना उकळत नाही.

टायरवर नक्षी भरपूर होती. भाचा म्हणाला, “मामा, हे चालतील की.” मी त्याला टायरच्या कडेवरचे चार आकडे दाखवले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमचे टायर दहा वर्षांचे होते. नखाने दाबलं तर लाकूड. चारही नवे, कंपनीच्या मापाचेच घेतले.

राहिले ब्रेक. पुढच्या नव्या डिस्क, नवे पॅड, मागच्या ड्रमचे नवे लायनर, सगळं केलं. शेवटच्या रात्री भाच्याने टॉर्च मारून बॉनेटखाली पाहिलं आणि विचारलं, “मामा, ब्रेक ऑइल?” मी पाहिलं. पातळी बरोबर होती. “आहे की,” मी म्हटलं आणि बॉनेट लावलं.

हुबळीला मुक्काम करून दुसऱ्या रात्री आम्ही कोईमतूरला पोचलो. गाडीने वाटेत तक्रार केली नाही. सकाळी तपासणी झाली. टायर पाहिले, बॅटरी घट्ट आहे का पाहिलं, गाडीतलं सुटं सामान, अगदी डॅशबोर्डवरचा गणपतीसुद्धा, काढायला लावलं. पहिली पाळी भाच्याची. मी पिट्सच्या कठड्याशी उभा राहिलो.

करीचा ट्रॅक सव्वादोन किलोमीटरलाही थोडा कमीच आहे. गाडी सारखी दिसत राहते. पहिली फेरी सावकाश. दुसरी, तिसरी छान. पोरगा घाई करत नव्हता. वळणाआधी ब्रेक, मग वळण, मग ॲक्सिलरेटर, अगदी शिकवल्यासारखं. पाचव्या फेरीला सरळ पट्ट्याच्या शेवटी गाडीचं नाक नेहमीसारखं खाली गेलं नाही. मागचे लाल दिवे लागले, विझले, पुन्हा लागले. तो पेडल मारत होता आणि पेडल तळाला जात होतं. गिअर खाली टाकल्याचा आवाज ऐकू आला. मग गाडी सरळ गवतात शिरली, उसळली आणि मातीचा लोट उठला.

त्या चार-पाच सेकंदांत माझ्या मनात काय आलं, ते मी इथे सांगत नाही.

गाडी थांबली. थोड्या वेळाने दारातून हात बाहेर आला, अंगठा वर. मग मला खाली बसावं लागलं.

झालं काय होतं, ते सांगतो, कारण हे तुमच्याही गाडीत होऊ शकतं. वेगातली गाडी थांबवायची म्हणजे तिच्यातली सगळी ऊर्जा उष्णता होऊन ब्रेकमध्ये जाते. आमची एस्टीम आणि आत एक माणूस, वेग ताशी एकशेवीस. एकदा थांबवलं तर जी उष्णता निघते, तिच्यावर पावणेदोन लिटर पाणी उकळीला येईल. घरच्या सगळ्यांचा चहा! साठच्या वेगाला हीच उष्णता चौपटीने कमी असते, म्हणून शहरात काही कळत नाही. ट्रॅकवर मिनिटा-मिनिटाला हा चहा ठेवला जातो आणि ती उष्णता पॅडमधून कॅलिपरच्या आतल्या तेलाला लागते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट-३ जातीचं नवं कोरं तेल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, असा नियम आहे. पण थोडं पाणी मुरलं, तर हीच हमी १४० वर येते. तेल उकळलं की वाफ होते. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. पाय खाली जातो, चाकाला काही पोचत नाही. आणि दहा-पंधरा मिनिटांनी तेल निवलं, की पेडल पुन्हा टणक! आमचंही तसंच झालं. एखाद्याला वाटावं, की पोरानेच घाबरून काहीतरी केलं.

आता आपल्या नवी मुंबईची हवा आठवा. चार महिने पाऊस, बाजूला खाडी, कपाटातल्या पापडाला आठवड्यात मऊपणा येतो. तिथे माझ्या गाडीतलं ब्रेक ऑइल सहा पावसाळे प्यायलेलं होतं. मी फक्त पातळी पाहिली. पातळी तर बरोबरच असणार होती. दर दोन वर्षांनी बदलायची ही दोन-तीनशे रुपयांची बाटली. मेंटेनन्समध्ये उभं आयुष्य काढलेल्या माणसाने ‘आहे की’ म्हणून बॉनेट लावलं. आणि विचारलं होतं कुणी? ज्याला मी बेजबाबदार म्हणून फैलावर घेतलं होतं, त्याने.

दुपारी शेजारच्या गॅरेजमधल्या बेंगळुरूच्या मंडळींनी डॉट-४ च्या बाटल्या दिल्या, पैसे घेईनात. भाचा आत बसून पेडल मारत होता आणि मी चाकापाशी निपल सोडून जुनं तेल बाटलीत घेत होतो. चहासारखं काळपट आलं. नवं तेल मधासारखं स्वच्छ येईपर्यंत चारही चाकं केली. मी त्याला म्हटलं, “चूक माझी होती रे.” तो म्हणाला, “मामा, पाय ठेव की सोडू, तेवढं सांग.”

संध्याकाळी तो पुन्हा गेला. चार फेऱ्या नीट चालवायच्या, शेवटची ब्रेक न मारता गाडी निववत आणायची, आणि आत येऊन हँडब्रेक लावायचा नाही, कारण तापलेले लायनर ड्रमला चिकटतात. हे त्या बेंगळुरूवाल्यांनी शिकवलं. मीही दोन पाळ्या चालवली. कुणालाही वाट देताना मला कमीपणा वाटला नाही, सगळ्यांनाच दिली.

त्यानंतर आम्ही दोनदा जाऊन आलो. दर दिवाळीआधी, पाऊस संपला की, ब्रेक ऑइल बदलतो. भाचा टाकीच्या झाकणावर कागदी टेप लावून त्यावर तारीख लिहितो आणि मला सही करायला लावतो. पाम बीचवर तो आता आईला घेऊन जातो तेव्हा, तिच्याच म्हणण्यानुसार, कंटाळा येईल इतक्या सावकाश चालवतो.

गवतात गेलेल्या गाडीची गोष्ट मात्र आम्ही दोघांनीही तिला अजून सांगितलेली नाही. कोईमतूरहून परत आल्यावर तिने विचारलं, तेव्हा भाचा म्हणाला, “गाडी मस्त चालली,” आणि मी गप्प बसलो. ताई रोज या वेळेला रेडिओ लावून भाजी निवडत असते. तेव्हा आज रात्री मला तिचा फोन येणार आहे.