अंधारात पाडलेली छिद्रं

गोंदिया, तिरोडा, देवरीकडे कितीतरी घरांत भिंतीवर जुने कृष्णधवल फोटो असतील. त्यांचा कागद डार्करूममध्ये लाल दिव्याखाली कापता येई. त्याला लाल उजेड जाणवत नाही. सगळे रंग टिपणाऱ्या पँक्रोमॅटिक फिल्मला मात्र पूर्ण काळोखच लागतो. तिथे डोळ्यांचं काम बोटांकडे. कटरच्या पाटीवर उजेडातच पट्टी पक्की बसवून ठेवायची. अंधारात फिल्म तिला टेकली की माप चुकत नाही. हात फक्त कडेला लावायचा.

अंधारातल्या अशा कामात मला सर्वांत थोर वाटतात त्या चित्रपटकार दादासाहेब फाळके यांच्या पत्नी सरस्वतीबाई. १९१२ साली दादासाहेबांनी लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला छिद्रं पाडायचं यंत्र आणलं. कारण तेव्हा कच्ची फिल्म बिनछिद्रांची मिळे. ३५ मिलिमीटरच्या पट्टीवर एका फुटात १६ चौकटी, प्रत्येक चौकटीला दोन्ही कडांना चार-चार छिद्रं, म्हणजे फुटाला १२८! अंतर जरा जरी हललं, तरी पडद्यावर चित्र थरथरणार. दिवसभर चित्रपटाच्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळून सरस्वतीबाई रात्री अंधारात हे काम करत. त्यांचं नाव शाळेच्या पुस्तकात दादासाहेबांच्या शेजारी असायला हवं.

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात दादासाहेबांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट लागला. लांबी सुमारे ३७०० फूट. तेवढ्या एका पट्टीला साडेचार लाखांहून अधिक छिद्रं लागतात.