डासमुक्त घर : आपली सर्वांची जबाबदारी

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यात तालीम, शिष्यवृत्ती, स्पर्धा परीक्षा अशा मोठ्या विषयांवर भाषणे झाली. माझ्या वाट्याला आलेला विषय मात्र अगदी लहान आहे. इतका लहान की तो चिमटीत मावतो. तो म्हणजे डास. पण लहान म्हणून कोणालाही क्षुल्लक समजू नये. अल्लाहने कुरआन शरीफमध्ये, सूरह बकरात, मच्छराचेही उदाहरण दिले आहे. नमरूदसारख्या गर्विष्ठ बादशहाला एका मच्छराने कसे जेरीस आणले, हा किस्सा आपण सर्वांनी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकला आहे.

शिक्षक म्हणून मला या विषयाची निकड हजेरीपटावर दिसते. पाऊस ओसरू लागला, ऑगस्ट-सप्टेंबर आला की वर्गातले बाक रिकामे होऊ लागतात. कोणाला मलेरिया, कोणाला डेंग्यू. मूल आठ-दहा दिवस अंथरुणावर असते. त्यानंतरही महिनाभर त्याच्या अंगात त्राण नसते, नेमकी तेव्हाच सहामाही परीक्षा येते. रोजंदारीवरच्या वडिलांचा खाडा होतो, दवाखान्याचे बिल होते ते वेगळेच. आपण फीसाठी पैसा पैसा जोडतो आणि तो एका आजारात निघून जातो. म्हणून हा विषय शिक्षणाचाच आहे असे मी मानतो.

प्रथम आपला शत्रू ओळखू या. चावते ती फक्त मादी. अंडी घालण्यासाठी तिला रक्त लागते. नर बिचारा फुलांच्या रसावर जगतो. आपल्या घरांत मुख्यतः तीन प्रकारचे डास येतात. पहिला क्युलेक्स. हा गटाराच्या, सेप्टिक टँकच्या घाण पाण्यात वाढतो, रात्री चावतो आणि हत्तीरोग पसरवू शकतो. दुसरा ॲनॉफिलिस. हा मलेरियाचा वाहक असून तोही संध्याकाळनंतर चावतो. शहरात तो गच्चीवरच्या टाकीत, विहिरीत आणि बांधकामावर साठवलेल्या पाण्यात वाढतो. तिसरा एडिस. काळा, अंगावर पांढरे पट्टे असलेला. हा डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवतो, दिवसा चावतो आणि घरातल्या स्वच्छ पाण्यात वाढतो.

हे शेवटचे वाक्य मी मुद्दाम पुन्हा सांगतो. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यात वाढतो. आपल्या मोहल्ल्यांना बाहेरचे लोक घाणीवरून नावे ठेवतात आणि आपणही गटाराकडे बोट दाखवून मोकळे होतो. गटार साफ झालेच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण गटार आरशासारखे स्वच्छ झाले तरी डेंग्यू थांबणार नाही. तो आपल्याच मोरीतल्या पिंपात, कुंडीखालच्या थाळीत, फ्रीजच्या मागच्या ट्रेमध्ये आणि शोभेसाठी ठेवलेल्या मनी प्लँटच्या बाटलीत वाढत असतो. एडिस फार लांब उडत नाही. बहुतेक वेळा जिथे जन्मतो तिथून शे-दोनशे मीटरच्या आतच राहतो. याचा अर्थ असा की आपल्या मुलाला चावलेला डास बहुधा आपल्या किंवा शेजाऱ्याच्या घरातच लहानाचा मोठा झालेला असतो.

या बाबतीत एक इतिहास विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू सापडले. हिवताप डासामुळे होतो हे सिद्ध करण्याच्या वाटेवरचा तो निर्णायक टप्पा होता. १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्या प्रयोगासाठी स्वतःच्या अंगावर डास चावून घेणारा रुग्ण हुसेन खान नावाचा एक साधा माणूस होता. दर डासामागे त्याला एक आणा मिळाला. पुढे कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत रॉस यांच्या मदतीला महंमद बक्ष होते. जगाच्या उपयोगी पडलेल्या या शोधात आपल्यासारख्याच सामान्य माणसांचाही हात होता, ही गोष्ट आपल्या मुलांना कळायला हवी.

दुसरी हकीकत मुंबईची. १९११ साली डॉ. बेंटले यांनी मुंबईतील मलेरियाची पाहणी करून अहवाल दिला. त्यांना मलेरियाच्या डासांचे मुख्य घर सापडले ते वाड्यांतल्या आणि चाळींतल्या विहिरींत. पुढे कित्येक विहिरी बुजवल्या गेल्या, कित्येकांवर झाकणे बसली. पण इमारती उंच झाल्या आणि पाण्याची टाकी गच्चीवर गेली. मी तर म्हणेन, विहीर बुजली नाही, ती गच्चीवर चढून बसली! टाकीचे झाकण फुटके असेल तर तोच डास आजही तिथे अंडी घालतो.

तिसरी हकीकत देशाची. १९४७ च्या सुमारास आपल्या देशात दरवर्षी अंदाजे साडेसात कोटी लोकांना मलेरिया होई आणि सुमारे आठ लाख लोक दगावत. १९५३ साली राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, डीडीटीची फवारणी झाली आणि १९६५ पर्यंत रुग्णांची संख्या एक लाखावर आली. सर्वांना वाटले, संपला मलेरिया. पण डासांना औषध पचू लागले, कामात ढिलाई आली आणि १९७६ साली रुग्णसंख्या पुन्हा ६४ लाखांवर गेली. यावरून बोध इतकाच घ्यायचा की फवारणीवर विसंबून चालत नाही. धुराची गाडी गल्लीतून गेली की आपल्याला समाधान वाटते. पण तो धूर उडणाऱ्या डासांना मारतो, पाण्यातल्या अळ्यांना त्याचा धक्काही लागत नाही.

आता प्रत्यक्ष उपायांकडे वळू.

पहिला उपाय पाण्याचा. 'पाणी साठवू नका' असा सल्ला फलकावर लिहिणे सोपे आहे. ज्या घरात नळाला दिवसातून तासभर किंवा एक दिवसाआड पाणी येते, त्या घरातील भगिनींनी पाणी साठवायचे नाही तर काय करायचे? तेव्हा पाणी साठवावेच लागेल, पण झाकून. रात्री भांडी झाकावीत, मशकीचे तोंड बांधावे, अशी शिकवण आपल्या प्रिय पैगंबर साहेबांनी (स. अ. व.) दिल्याचे हदीसमध्ये आले आहे. आज मशक नाही, प्लॅस्टिकचे पिंप आहे, एवढाच फरक. झाकण घट्ट बसत नसेल तर जुन्या सुती कापडाने किंवा ओढणीने तोंड बांधून वर झाकण ठेवावे. कापड पाण्यात लोंबू देऊ नये.

त्याचबरोबर आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून कोरडी करावीत. आठवडाच का? कारण आपल्या उष्ण हवेत अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात. दर सात दिवसांनी पाणी ओतले की अळीला पंख फुटण्यापूर्वीच तिचा कारभार आटोपतो. मात्र नुसते पाणी ओतून भागत नाही. एडिसची मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या कडेला अंडी चिकटवते आणि ती अंडी कोरड्यातही कित्येक महिने टिकतात. पुन्हा पाणी भरले की त्यांतून अळ्या निघतात. म्हणून पिंप आतून ब्रशने घासून घ्यावे. यासाठी मी शुक्रवार सुचवतो. जुम्याच्या नमाजसाठी आपण गुस्ल करतो, स्वच्छ कपडे घालतो. त्याच सकाळी पिंप, कुंडीची थाळी, फ्रीजचा ट्रे आणि संडासातला भरून ठेवलेला लोटाही घासून टाकावा. लक्षात ठेवायला याहून सोपा दिवस नाही.

दुसरा उपाय जाळीचा. खिडक्यांना बारीक जाळी बसवावी. जाळीचे छिद्र दीड मिलिमीटरपेक्षा मोठे नसावे. नायलॉनची चिकटपट्टीवर बसणारी जाळी स्वस्त पडते आणि भाड्याच्या घरातही लावता येते. अनेक घरांत हॉलच्या खिडकीला छान जाळी असते, पण मोरीची आणि संडासाची झरोकावजा खिडकी उघडी असते. डास तिथूनच येतो. एक्झॉस्ट पंख्याचे भोक, एसीच्या पाईपभोवतीची फट आणि दरवाजाखालची फट हीसुद्धा त्याची दारेच आहेत. मोरीच्या जाळीवर रात्री फरशीचा तुकडा ठेवावा. मगरीबच्या सुमारास अर्धा-पाऊण तास दारे-खिडक्या लावून घ्याव्यात, कारण रात्रीचे डास त्याच वेळी घरात शिरतात.

तिसरा उपाय मच्छरदाणीचा. घर लहान, माणसे जास्त, मच्छरदाणी कुठे बांधायची, असा प्रश्न मला पालक विचारतात. निदान तान्ही मुले, गरोदर भगिनी आणि आजारी माणूस यांना तरी ती द्यावी. तान्ही बाळे दिवसा झोपतात आणि डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून बाळाला दिवसाही छत्रीसारखी मच्छरदाणी घालावी. घरात तापाचा रुग्ण असेल तर त्याला मच्छरदाणीत ठेवणे दुप्पट गरजेचे, कारण त्याला चावलेला डासच पुढे दुसऱ्यांना आजार देतो. शाळेत येताना पूर्ण बाह्यांचा सदरा आणि पायमोजे घातले तर पुष्कळ बचाव होतो.

राहिली धुराची कॉइल. बंद खोलीत रात्रभर कॉइल जाळणे बरे नव्हे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांइतके असल्याचे आढळले. ज्या घरात कोणी सिगारेट ओढत नाही त्या घरातल्या दमेकरी मुलाने हा धूर का सोसावा?

चौथा उपाय शेजारधर्माचा, आणि तो सर्वांत अवघड आहे. फ्लॅटला दार असते, डासाला दार नसते. तिसऱ्या मजल्यावरचे घर कितीही नेटके असले तरी गच्चीवरची टाकी उघडी असेल, लिफ्टच्या खड्ड्यात पाणी असेल, शौचालयाच्या वेंट पाईपला जाळी नसेल, तर सगळी मेहनत वाया. इमारतीच्या सभेत आपण पार्किंगवरून दोन-दोन तास भांडतो. पुढच्या सभेत ही तीन कामे लिहून घ्या. टाकीला घट्ट झाकण आणि ओव्हरफ्लो पाईपला जाळी, वेंट पाईपला जाळी आणि खड्ड्यातले पाणी काढणे. गच्चीवरच्या ताडपत्रीच्या घड्या, जुने टायर, नारळाच्या करवंट्या यांतही पाणी साचते, तेही पाहावे. मशिदीत वुजूचा हौद असेल तर त्यात मासे राखण्याची जुनी पद्धत चांगली आहे. गप्पी मासे अळ्या आवडीने खातात.

बंद फ्लॅटचा प्रश्न आपल्याकडे विशेष आहे. कोणी आखातात नोकरीला, कोणी मे महिन्यात कोकणात गावी. मागे पिंप भरलेले, कमोडमध्ये पाणी तसेच. जाताना पिंप पालथे घालावे, कमोड झाकावा आणि किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे द्यावी. त्याचप्रमाणे महापालिकेचे कर्मचारी तपासणीला आले की 'घरात पुरुष नाहीत' म्हणून दार लावले जाते. ही अडचण मी समजू शकतो. अशा वेळी शेजारच्या एखाद्या बाईंना सोबत बोलवावे किंवा महिला कर्मचारी पाठवण्याची विनंती करावी, पण तपासणी टाळू नये. त्यांच्या हातातल्या टॉर्चला जे दिसते ते आपल्याला रोजच्या डोळ्यांना दिसत नाही.

इतके करूनही ताप आलाच तर पहिल्या-दुसऱ्या दिवशीच रक्त तपासावे. ॲस्पिरिन, ब्रुफेनसारख्या गोळ्या मनाने देऊ नयेत, डेंग्यूत त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवसच जास्त जपण्याचे असतात. पोट फार दुखणे, सारख्या उलट्या, रक्तस्राव, सुस्ती यांपैकी काही दिसले तर थेट रुग्णालय गाठावे. मलेरियावर डॉक्टरांनी चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या तर त्या चौदाही दिवस घ्याव्यात. ताप गेला म्हणून चौथ्या दिवशी पुडी कपाटात टाकली, तर यकृतात दडलेले जंतू काही आठवड्यांनी वा महिन्यांनी पुन्हा डोके वर काढतात. डोके वर काढायला ते परीक्षेचाच महिना निवडतात की काय, असे मला कधी कधी वाटते!

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक गृहपाठ. या शुक्रवारी आपल्या घराचा साधा नकाशा काढा. पाणी साचणारी प्रत्येक जागा त्यावर लाल पेन्सिलीने दाखवा. अम्मीने ती जागा कोरडी केली की निळी खूण करा, आणि अम्मीनेच का, पिंप तुम्हीही घासा. अळी दिसली तर काचेच्या बरणीत घ्या, तोंडाला पातळ कापड बांधा आणि शाळेत घेऊन या. पाण्याच्या पृष्ठभागाशी आडवी राहते ती ॲनॉफिलिसची अळी, डोके खाली करून लोंबते ती एडिसची किंवा क्युलेक्सची. विज्ञान असे शिकायचे असते.

पाकी हा ईमानचा भाग आहे असे आपण भिंतीवर लिहितो. ते वाक्य भिंतीवरून पिंपापर्यंत, पिंपापासून गच्चीपर्यंत आणि आपल्या गच्चीवरून शेजाऱ्याच्या गच्चीपर्यंत पोहोचले पाहिजे. या वर्षी सप्टेंबरमध्ये माझ्या हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा कमी झाल्या, तर हे भाषण कारणी लागले असे मी समजेन.