मीटर ज्याचा, न्यूट्रल त्याचा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आपल्या कोल्हापुरातल्या जुन्या पेठांमधून जाताना एखाद्या वाड्यात सहज डोकावून बघा. चौकाच्या कडेला जिना असतो आणि जिन्याखाली धुळीने काळी पडलेली एक लाकडी फळी असते. फळीवर पाच-सहा मीटर, तेवढेच कटआउट आणि मागे वायरींचे जंजाळ. ही फळी सगळ्यांची असते, म्हणूनच तिच्याकडे कुणीच बघत नाही. शाहूपुरी, राजारामपुरीत अपार्टमेंट झाले तेव्हा फळीच्या जागी लोखंडी पेटी आली आणि जिन्याखालची जागा पार्किंगने घेतली. बाकी कथा तीच. अनेक बिऱ्हाडे, अनेक मीटर आणि राखणदार कुणी नाही. आज या मीटरच्या फळीविषयी दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

वायरिंगच्या धंद्यात माझी बरीच वर्षे गेली. त्यातला एक अनुभव आधी सांगतो. एका वाड्यात खालच्या सोप्याला एक आजी एकट्या राहत होत्या. माडीवर भाडेकरूचे कुटुंब होते. आजींनी मला बोलावले आणि बिलांचा गठ्ठा पुढे टाकला. म्हणाल्या, "माझ्या घरात दोन दिवे नि एक पंखा. बिल एवढं कसं येतंय रे बाळा? वरचे लोक माझी वीज चोरत्यात." माडीवर गेलो, तर तिथे उलटी तक्रार. म्हातारी उगीच आळ घेते म्हणून त्या घराने बोलणे टाकले होते. एकाच जिन्याने रोज ये-जा करणारी दोन घरे सहा महिने एकमेकांशी बोलत नव्हती.

मी आजींचा मेन स्विच बंद केला. त्याच क्षणी माडीवरून आवाज आला, "अहो, आमचा गिझर बंद पडला!" आणि रोग सापडला. वाड्याची पूर्वी भावाभावांत वाटणी झाली होती. मध्ये भिंत घातली, मीटर वेगळे घेतले, पण आतली वायरिंग जुनीच ठेवली. माडीवरच्या गिझरचा फेज त्यांच्या मीटरमधून येत होता आणि न्यूट्रल मात्र आजींच्या वायरीला जोडलेला होता. चोरी कुणीच केली नव्हती. न्यूट्रल उसना घेतला होता, एवढेच.

आता यात आजींचे बिल का वाढावे? वीज फेजच्या वायरीने घरात येते, काम करते आणि न्यूट्रलच्या वायरीने परत जाते. जेवढी आली तेवढीच परत गेली पाहिजे. आपल्याकडचे इलेक्ट्रॉनिक मीटर वीजचोरी पकडण्यासाठी फेज आणि न्यूट्रल या दोन्हींतला प्रवाह मोजतात. दोन्हींत ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त फरक पडला, तर जो प्रवाह मोठा असेल त्यावर युनिट धरतात. अनेक मीटरांवर अशा वेळी एक छोटा दिवाही लागतो. इथे गिझरचा प्रवाह माडीच्या मीटरने फेजवर मोजला आणि आजींच्या मीटरने न्यूट्रलवर मोजला. पाणी एकदाच तापत होते, बिल दोन्ही घरांना येत होते!

पैशाचे एक वेळ सोडा. याहून वाईट गोष्ट पुढे आहे. आजींचा मेन बंद केला तेव्हा गिझरचा परतीचा रस्ता तुटला. मग माडीवरचा फेज गिझरमधून आजींच्या न्यूट्रल वायरीत येऊन थांबला. म्हणजे मेन बंद, दिवे बंद, आणि तरीही वायरीत २३० व्होल्ट! 'मेन बंद केलाय' या भरवशावर कुणी त्या वायरीला हात लावला असता, तर काय झाले असते याचा विचार करा. आमच्या धंद्यातली माणसे अशा वायरींना हात लावून गेली आहेत.

अशा मिसळलेल्या वायरिंगवर आरसीसीबी टिकत नाही. आरसीसीबी हे गळती ओळखणारे उपकरण. गेलेला आणि परत आलेला प्रवाह यांत फरक दिसला की ते वीज तोडते. घरगुती वापरासाठी ते ३० मिलिअँपिअरचे असते. न्यूट्रल दुसऱ्याच्या घरातून जात असेल तर ते सारखे पडत राहते. मग घरमालक वैतागतो, कारागीर सांगतो, "साहेब, हे खराब आहे, काढून टाकू," आणि जीव वाचवणारी वस्तू भंगारात जाते. खराब ती वस्तू नसते, वायरिंग खराब असते.

म्हणून पहिला नियम असा, की प्रत्येक बिऱ्हाडाचा फेजही स्वतःचा आणि न्यूट्रलही स्वतःचा हवा. मीटरपासून घरातल्या डीबीपर्यंत वायरींची जोडी एकत्र, एकाच पाइपमधून जावी. मीटरजवळ प्रत्येकाचा फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा स्विच असावा आणि त्यावर पुसले जाणार नाही असे खोलीचे किंवा फ्लॅटचे नाव लिहावे. अपघाताच्या वेळी अंधारात, धुरात, नेमका कुठला स्विच पाडायचा हे शेजारच्या पोरालाही कळले पाहिजे.

दुसरी गोष्ट सगळ्यांच्या सामायिक न्यूट्रलची. मोठ्या इमारतीत तीन फेज येतात आणि बिऱ्हाडे या तिन्हींवर वाटलेली असतात. न्यूट्रलचा मुख्य जोड मात्र एकच असतो. तो जोड ढिला झाला किंवा जळून तुटला, तर दोन फेजमधला सुमारे ४०० व्होल्टचा दाब वेगवेगळ्या घरांतल्या उपकरणांवर विभागला जातो. ज्या घरात गिझर चालू आहे तिथे दाब कमी होतो आणि ज्या घरात फक्त टीव्ही चालू आहे तिथे तो २३० च्या फार वर जातो. एकाच रात्री साऱ्या मजल्यांवरचे टीव्ही आणि फ्रीज गेले असे ऐकले, की जाणकार माणूस आधी न्यूट्रलचा जोड बघतो. हा जोड बोल्टने घट्ट आवळलेला हवा. न्यूट्रलमध्ये फ्यूज कधीही नको. जुन्या फळ्यांवर फेजला एक आणि न्यूट्रलला एक असे दोन किटकॅट फ्यूज दिसतात. न्यूट्रलचा फ्यूज उडाला की दिवा विझतो, पण वायर जिवंतच राहते. असे फ्यूज दिसले तर ते आजच काढून घ्यायला सांगा.

अमेरिकेत मीटर सॉकेटमध्ये खोचून बसवतात. वायरी सॉकेटला कायमच्या बांधलेल्या असतात, मीटर काढला तरी त्या जागच्या हलत नाहीत. आपल्याकडे वायरी थेट मीटरच्या स्क्रूखाली जातात. मीटर बदलताना प्रत्येक वायर सोडायची आणि पुन्हा आवळायची. पेटीत दहा मीटर असले आणि वायरींवर खुणा नसल्या, तर अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही. म्हणून मीटर बदलला, की त्याच दिवशी सगळ्यांनी मिळून एक परीक्षा करावी. ती शेवटी सांगतो.

आता भाडेकरूंचा प्रश्न. पुष्कळ ठिकाणी मालकाचा एकच मीटर असतो आणि भाडेकरूंना आत छोटे उपमीटर लावून दिलेले असतात. यात भांडण तर आहेच, शिवाय नुकसानही आहे. घरगुती वीजदर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० महाग, त्यापुढचे आणखी महाग. समजा, चार बिऱ्हाडे प्रत्येकी ९० युनिट वापरतात. चार मीटर असतील तर चौघेही पहिल्याच टप्प्यात राहतात. एकच मीटर असेल तर एकूण ३६० युनिट होतात. त्यांतले १०० पहिल्या, २०० दुसऱ्या आणि ६० तिसऱ्या टप्प्यात जातात. वीज तेवढीच, बिल मात्र फुगलेले.

विद्युत कायदा २००३ च्या कलम ४३ प्रमाणे मालकाला किंवा त्या जागेत राहणाऱ्याला मागणी केल्यावर वीज द्यावी लागते. मालकाने ना हरकत पत्र दिले नाही एवढ्या कारणावरून भाडेकरूला वीज नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. नवी लाइन टाकावी लागत नसेल आणि अर्ज पूर्ण असेल, तर २०२४ च्या सुधारित नियमांप्रमाणे महानगरांबाहेरच्या नगरपालिका-महापालिका हद्दीत ७ दिवसांत आणि ग्रामीण भागात १५ दिवसांत जोडणी मिळायला हवी. तेव्हा मालकांनीही अडवू नये. वेगळा मीटर म्हणजे जागेवरचा हक्क गेला, असा अर्थ होत नाही.

मीटर वेगळे झाले, तरी आतली सॉकेट जुनीच राहतात. भाडेकरू बदलतो, त्याच्याबरोबर गिझर, इंडक्शन, वॉशिंग मशीन येते आणि खोलीत असते ते ६ अँपिअरचे सॉकेट. २ किलोवॉटचा गिझर जवळजवळ ९ अँपिअर प्रवाह घेतो. त्याला १६ अँपिअरचे सॉकेट, जाड तांब्याची वायर आणि स्वतंत्र एमसीबी हवा. तीन पिनांपैकी वरची पिन जाड आणि लांब का असते, माहीत आहे? ती अर्थची असते. प्लग घालताना ती आधी टेकते आणि काढताना शेवटी सुटते, म्हणजे वीज असेपर्यंत अर्थचे संरक्षण असते. ती पिन कापून दोन पिनांच्या सॉकेटात प्लग खुपसणारे महाभाग आपल्यात कमी नाहीत! जुन्या वाड्यांत अर्थिंग नळाच्या लोखंडी पाइपला बांधलेले असे. आता पाइप प्लास्टिकचे झाले, तेव्हा ते अर्थिंग उरलेच नाही. जमिनीतला स्वतंत्र अर्थिंगचा खड्डा करून घ्या आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घालत जा.

अलीकडे पार्किंगमध्ये इलेक्ट्रिक स्कूटर आल्या. जिन्याच्या दिव्याच्या सामायिक मीटरवरून एकजण स्कूटर चार्ज करतो आणि खर्च सगळ्यांच्या माथी येतो. यावरून सोसायटीच्या सभेत आवाज चढतात. उपाय सोपा आहे. ज्याची गाडी, त्याच्या मीटरवरून पार्किंगमध्ये १६ अँपिअरचे सॉकेट, त्याला स्वतःचा एमसीबी, आरसीसीबी आणि कुलूप.

आणि शेवटी आपल्या पंचगंगेची गोष्ट. राजाराम बंधाऱ्याजवळ धोक्याची पातळी ४३ फूट मानतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले. जुलै २०२१ मध्ये ते ५६ फुटांच्या पुढे गेले. नदीकाठच्या आणि सखल भागातल्या इमारतींत सगळ्यांत आधी बुडते ते पार्किंग, आणि मीटरची पेटी तिथेच असते. तिसऱ्या मजल्यावरचे घर कोरडे असते, पण त्याचा मीटर पाण्याखाली असतो. तुमच्या भिंतीवर २०२१ च्या पाण्याची खूण अजून असेल. मीटरची पेटी त्या खुणेच्या वर, शक्य तर पहिल्या मजल्याच्या जिन्यावरच्या मोकळ्या जागेत न्यावी. तिथवर येणारी केबल आर्मर्ड असावी आणि मध्ये जोड नसावा, कारण तो मीटरच्या आधीचा भाग असतो. मीटर स्वतः हलवू नका, सीलला हात लावू नका. महावितरणकडे अर्ज करा आणि आपल्या बाजूचे काम परवानाधारक ठेकेदाराकडून करून घ्या. सगळ्यांनी मिळून एकदाच खर्च केला तर तो झेपतो.

पूर ओसरल्यावर घाई नको. भिंत वरून वाळलेली दिसते, पण पाइपमधला गाळ ओल धरून राहतो. ५०० व्होल्टच्या मेगरने तपासणी करून घ्या. वायरिंगचा रोध किमान १ मेगाओम भरला तरच वीज सुरू करा.

आता ती परीक्षा. येत्या रविवारी सकाळी वाड्यातल्या, इमारतीतल्या सगळ्यांनी घरातले दिवे, पंखे चालू करा. गिझरसारख्या स्वतंत्र पॉइंटवर प्रत्येक घरी एक माणूस उभा राहू द्या. मग खाली एकेकाचा मेन स्विच बंद करा. ज्याचा स्विच, त्याचेच घर बंद पडले पाहिजे आणि त्याचे पूर्ण घर बंद पडले पाहिजे. शेजारचे काही बंद पडले किंवा स्वतःचे काही चालूच राहिले, तर वायरी मिसळल्या आहेत. तिथे स्वतः हात घालू नका, जाणकाराला बोलवा. या परीक्षेला पैसे लागत नाहीत, अर्धा तास लागतो.

त्या वाड्यात गिझरची एक नवी जोडी ओढायला मला एक दुपार लागली. पुढच्या बिलाच्या वेळी आजींकडे गेलो, तर माडीवरची सूनबाई त्यांच्या सोप्यात बसून शेंगा सोलत होती. आजी मला म्हणाल्या, "वायर तेवढी वेगळी केलीस, बाळा. माणसं एकत्र आली."