सेवेची वर्षं वहीत लिहा

 

आज बोलायचंय ते गावावर संकट आलं की सगळ्यांच्या आधी धावणाऱ्या माणसांबद्दल. रात्री दोन वाजता बाळंतिणीला घेऊन 108 च्या गाडीत बसते ती आशाताई. यात्रेत, पुरात, निवडणुकीत बंदोबस्ताला उभी राहते ती होमगार्डची ताई. पुराच्या पाण्यात दोर आणि बोट घेऊन उतरतो तो आपदा मित्र. कागदावर हे सगळे स्वयंसेवक. म्हणजे पगार नाही, काम मात्र पगारदारापेक्षा अवघड.

2019 च्या ऑगस्टमधला सांगली-कोल्हापूरचा महापूर आपण विसरलेलो नाही. ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढताना बोट उलटली आणि माणसं गेली. बोटीत किती जण बसवायचे, लाइफ जॅकेट कसं घालायचं, ओढ कुठे असते हे जाणणारं माणूस गावातच असणं किती मोलाचं, ते त्या दिवसांत सगळ्यांना कळलं. असं माणूस एका शिबिरात तयार होत नाही. शिबिरात शिकतं आणि पुढे दहा-पंधरा वर्षं काम करून मुरतं. म्हणून मुरलेलं माणूस टिकवणं हे गावाचं काम आहे.

आता हे माणूस टिकावं म्हणून सध्या काय मिळतं ते बघू.

आपदा मित्र योजनेत केंद्राने 350 जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक तयार करायचं ठरवलं. त्यांना 12 दिवसांचं प्रशिक्षण, साहित्याचा संच आणि विमा. सुरुवात चांगली आहे. पण दरमहा मानधन नाही.

होमगार्डचं दल 1946 साली मुंबईत सुरू झालं. आपल्या राज्यात 2024 मध्ये त्यांचा दिवसाचा भत्ता 570 वरून 1083 रुपये झाला. ही मोठी वाढ आहे. पण तो भत्ता ड्यूटीच्या दिवसाचा. ड्यूटी नाही त्या दिवशी काही नाही. वर्षं मोजणारी एक सवलत मात्र आहे. तीन वर्षं सेवा झालेल्या होमगार्डला पोलीस, वनविभाग आणि अग्निशमन दलाच्या भरतीत पाच टक्के आरक्षण आहे. गटातल्या कुणाची मुलगी किंवा सून होमगार्डमध्ये असेल, तर तिला हे नक्की सांगा.

आशाताईंचं बघा. दहा वर्षं काम करून निवृत्त होणाऱ्या आशाताईला केंद्राकडून एकरकमी 20,000 रुपये ठरले होते. 2025 मध्ये ते 50,000 झाले. ऐकायला रक्कम बरी वाटते. पण आपण गटातल्या बायका, आपल्याला भागाकार येतो. 50,000 भागिले दहा वर्षं, म्हणजे वर्षाला 5,000. दिवसाला चौदा रुपयेसुद्धा पडत नाहीत. वीस वर्षं केली तर आणखीच कमी. तरीही मी या रकमेला नावं ठेवणार नाही. कारण ‘किती वर्षं टिकलीस?’ हा प्रश्न सरकारने विचारला, हीच त्यातली महत्त्वाची गोष्ट.

हा प्रश्न दुसरीकडे कसा विचारतात ते सांगते. अमेरिकेत लहान गावांतली आग विझवणारी दलं बहुतेक स्वयंसेवकांचीच असतात. न्यूयॉर्क राज्यात अनेक ठिकाणी त्यांच्या कामाला गुण देतात. आगीच्या हाकेला गेलात, गुण. सरावाला आलात, गुण. बैठकीला बसलात, गुण. वर्षात 50 गुण झाले की सेवेचं एक वर्ष जमा. ठरलेलं वय झालं की जमा वर्षांच्या हिशेबाने दरमहा रक्कम मिळते. ही योजना सुरू करायची की नाही, हे तिथले मतदार मत देऊन ठरवतात. काही ठिकाणी अशा स्वयंसेवकाला घरपट्टीतही सूट आहे.

काही जणी म्हणतील, पैसे दिले तर ती सेवा कसली? मैत्रिणींनो, सेवा करणारीलाही घर असतं. तिची त्या दिवसाची मजुरी बुडते. सासू विचारते, ‘रात्री-अपरात्री जातेस, घरात काय आणतेस?’ दोनदा ती हसून नेते, तिसऱ्यांदा काम सोडते. मग पुढच्या पुरात आपल्याकडे नवखं माणूस असतं. मनातली सेवा पैशाने विकत मिळत नाही, पण पैशाच्या ओढीने ती सुटते खरी.

सरकारने काय द्यावं ते आपण मागत राहूच. पण तीन गोष्टी आपल्या हातात आहेत.

पहिली, वही. आपल्या पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र हिशेब लिहिणं. ते इथेही लावा. ग्रामसंघात एक रजिस्टर घाला. कोण, कोणत्या तारखेला, कुठल्या कामाला गेलं, कोणतं प्रशिक्षण झालं, आणि खाली सही. उद्या एखादी योजना आली तर ‘दहा वर्षं काम केलं’ हे तोंडी कुणी मानत नाही.

दुसरी, विमा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला फक्त 20 रुपये. वय 18 ते 70, बँकेत खातं हवं. अपघाती मृत्यू झाला तर घरच्यांना दोन लाख मिळतात. विम्याचं वर्ष 1 जूनला सुरू होतं, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर. गावातल्या प्रत्येक स्वयंसेवकाच्या खात्यात मे महिन्यात हे वीस रुपये आहेत का, ते बघा. नसतील तर गटाने भरावेत. दहा माणसांचे दोनशे रुपये होतात.

तिसरी, ठराव. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते. त्या सभेत मागणी मांडा. पाच वर्षं, दहा वर्षं झालेल्यांना ग्रामपंचायतीने काय द्यावं ते लिहून द्या आणि ठरावाची नक्कल मागून घ्या. नारळ आणि शाल द्यायला हरकत नाही, पण त्याच्या जोडीला बुडालेल्या मजुरीचा विचार व्हायला हवा.

पुढच्या बैठकीत एवढंच करा. बचत गोळा झाली की गावातल्या अशा माणसांची नावं विचारा आणि प्रत्येकापुढे सेवेची वर्षं लिहा. काही नावांपुढे पंधरा-वीस वर्षं निघतील. त्यांच्यापासून सुरुवात करा.