विकतचे अन्न

घराबाहेर पैसे मोजून जेवणे ही गोष्ट आपल्याकडे फार काळपर्यंत भूषणाची समजली जात नव्हती. प्रवासास निघताना दशम्या व तिखटमीठ बांधून घ्यावे, परगावी आप्तेष्टांकडे उतरावे, आणि आप्त नसल्यास धर्मशाळेच्या ओसरीवर तीन दगडांची चूल मांडावी, असा शिरस्ता होता. विकतचे अन्न खाणे म्हणजे या गावात आपले कोणी नाही याची कबुली देणे होय, अशी भावना त्यामागे असे. आता ती भावना उरली नाही. शहरातील मध्यमवर्गीय कुटुंबे सुटीच्या दिवशी हौसेने उपाहारगृहात जातात आणि तेथील पदार्थांची चर्चा आठवडाभर करतात. तथापि ही चर्चा बहुधा चवीपाशीच थांबते. अमक्याचा रस्सा झणझणीत, तमक्याचा डोसा कुरकुरीत, एवढ्यावर उपाहारगृहाची पारख संपते काय, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर शोधावयाचे तर हौशी मनुष्याच्या नव्हे, गरजू मनुष्याच्या डोळ्यांनी पाहावे. उदाहरणार्थ ओझरचा एखादा गृहस्थ घ्या. नाशिकपासून सुमारे वीस किलोमीटरांवर, मुंबई-आग्रा रस्त्याला लागून असलेले हे गाव. १९६४ साली येथे विमानांचा कारखाना निघाला आणि द्राक्षबागांच्या या परिसरात नाना प्रांतांचे लोक येऊन राहिले. अशा गावातला मनुष्य कोर्टकचेरीसाठी वा मुलांच्या शिक्षणासाठी नाशिकला जातो, आणि मोठे दुखणे किंवा मंत्रालयातील काम निघाले म्हणजे मुंबई गाठतो. दुपारी एक वाजता त्याला भूक लागते. त्याच्यापुढे चार साधे प्रश्न असतात. येथे किती पैसे पडतील? पाणी स्वच्छ असेल ना? घटकाभर बसू देतील का? आणि आपल्या धुळीने माखलेल्या वहाणांकडे पाहून वाढपी नाक तर मुरडणार नाही? एकट्या, अनोळखी आणि बेताच्या खिशाच्या माणसाशी एखादे उपाहारगृह कसे वागते, यावरूनच त्याची प्रत ठरवावी.

ही कसोटी कोणास भावनेची वाटेल. परंतु तिला इतिहासाचा आधार आहे. चहाच्या दुकानात कोणी पाऊल टाकावे, याचाच एके काळी वाद होता. कोल्हापुरास गंगाराम कांबळे या अस्पृश्य गणल्या गेलेल्या गृहस्थाने चहाचे दुकान काढले, तेव्हा तेथे गिऱ्हाईक फिरकेना. राजर्षी शाहू महाराज स्वतः त्या दुकानी जाऊन सर्वांदेखत चहा प्याले, आणि बरोबरच्या मंडळींनाही त्यांनी तो पाजला. नाशिकच्या काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू करावा लागला. जेथे देवाचे दार उघडत नव्हते, तेथे हॉटेलाचे दार सहजासहजी उघडेल ही अपेक्षा कोण धरील? पुढे राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख करून तेथील प्रवेशास जात, धर्म, वंश, लिंग वा जन्मस्थान यांची आडकाठी असू नये असे लिहावे लागले. आज आपण जेथे सहज खुर्ची ओढून बसतो, ती खुर्ची इतक्या खटाटोपाने मिळालेली आहे.

या दृष्टीने पाहता मुंबईच्या इराण्याला पहिला मान दिला पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी इराणातून, विशेषतः यझ्दकडून, आलेल्या लोकांनी ही दुकाने थाटली. कोपऱ्यावरची जागा हिंदू व्यापारी अशुभ मानीत, म्हणून ती यांना स्वस्तात मिळाली, असे सांगतात. धोबीतलावावरचे कयानी १९०४ सालचे, तर बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया १९२३ सालचे. संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाची खुर्ची, ब्रून पाव, मस्का आणि दाट गोड चहा, एवढा संसार. स्पष्टच बोलावयाचे तर चहा अतिगोड असतो आणि खारी बिस्किटाचा भुगा कपड्यांवर सांडतो. परंतु एका कपावर तासभर वर्तमानपत्र वाचीत बसणाऱ्याला उठविण्याची रीत तेथे नव्हती, आणि शेजारच्या खुर्चीवर हमाल बसला आहे की वकील, याची चौकशीही नव्हती. अशी दुकाने आता थोडीच उरली. एका कपाच्या नफ्यातून मुंबईच्या कोपऱ्याचे भाडे निघत नाही, आणि पुढच्या पिढीला पहाटे भट्टीपाशी उभे राहण्याची उमेद राहिली नाही. यात दोष कोणाचाच नाही. नुकसान मात्र सर्वांचे आहे.

दुसरा मान उडुपी मंडळींचा. माटुंग्याच्या स्थानकालगत ए. रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासून चालू आहे. केळीच्या पानावर भात, सांबार, रसम, भाजी व ताक असे साधे शाकाहारी जेवण, आणि गर्दीच्या वेळी बाहेर रांग. अनोळखी मनुष्याच्या मांडीला मांडी लावून जेवण्याची सवय मुंबईला लावण्यात अशा बोर्डिंगांचा मोठा वाटा आहे. मात्र उडुपी ही पाटी मिरविणाऱ्या इतर असंख्य ठिकाणांबद्दल तितके चांगले बोलता येत नाही. दरपत्रक वाढत वाढत दोनशे पदार्थांवर गेले. इडलीच्या शेजारी चिनी नूडल्स आणि पंजाबी पनीर येऊन बसले. ज्या भटारखान्यात सर्व काही मिळते, तेथे कोणतीही एक गोष्ट मन लावून होत नाही, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

मराठी उपाहारगृहांविषयी बोलताना आपलेपणा बाजूस ठेवणे कठीण जाते. दादरला मामा काणे यांनी १९१० साली काढलेल्या उपाहारगृहाच्या नावातच ‘स्वच्छ’ हा शब्द होता. स्वच्छता ही जाहिरात करण्याजोगी गोष्ट आहे, हे ओळखणारा तो चालक दूरदर्शी म्हटला पाहिजे. थालीपीठ, साबुदाण्याची खिचडी, बटाटेवडा, कोथिंबीरवडी, पीयूष या पदार्थांत आपली दुकाने कोणास हार जाणार नाहीत. दादरच्या ‘आस्वाद’मधील मिसळीचा २०१५ साली लंडनमध्ये गौरवही झाला. पण या दुकानांची एक जुनी खोड सुटत नाही. दुपारी दोननंतर गेलेल्या पाहुण्याला ‘संपले’ हा शब्द अशा स्वरात ऐकविला जातो, की जणू उशिरा भूक लागणे हा त्याचा अपराध आहे. शिवाय पिठले, अळूची भाजी, मुगाची उसळ, ज्वारीची भाकरी हे आपले रोजचे अन्न तेथे क्वचितच दिसते. उपवासाचे पदार्थ बारमाही आणि जेवणाचे पदार्थ सणावारी, असा हा उलटा न्याय आहे.

मालवणी खाणावळीतील तळलेला बोंबील, सुरमईचे कालवण व सोलकढी यांबद्दल तक्रार करणारा मनुष्य विरळा. तक्रार आहे ती दरपत्रकावरील ‘बाजारभावाप्रमाणे’ या शब्दांबद्दल. मासळीचा भाव रोज बदलतो हे मान्य. पण तो सकाळी चालकाला ठाऊक असतो, मग दुपारी फळ्यावर खडूने लिहिण्यास कोणती अडचण? भाव विचारण्याचा संकोच वाटणारा गरीब मनुष्य न विचारता जेवतो आणि बिल पाहून रात्रभर तळमळतो. याच्या उलट टोकाला ‘हवे तेवढे खा’ अशी थाळी असते. तेथे जेवणारा दिलेले पैसे वसूल करण्याच्या ईर्ष्येस पेटतो. तिसरी जिलबी भुकेपोटी नव्हे, हिशेबापोटी घेतली जाते, आणि अर्धी ताटातच राहते. अन्न टाकणे हे पाप म्हणणाऱ्या घरांतील माणसेच तेथे ते टाकतात.

थंड हवेच्या, मंद दिव्यांच्या मोठ्या उपाहारगृहांत गेल्यावर सामान्य मनुष्य प्रथम गप्प होतो. बसताच बाटलीतले पाणी पुढे येते. त्याला साधे पाणी मागण्याची लाज वाटते. ती वाटू नये. बिलाच्या तळाशी ‘सेवाशुल्क’ म्हणून रक्कम जोडलेली असते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार ती आपोआप जोडता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी या सूचना ग्राह्य ठरविल्या. वस्तू व सेवा कर निराळा. तो द्यावाच लागतो. बक्षिसी ही खूश होऊन द्यावयाची वस्तू आहे. ती वसूल होऊ लागली म्हणजे तिचा दंड होतो.

आता नाशिकची मिसळ. मटकीची उसळ, फरसाण, वर काळा किंवा लाल रस्सा, सोबत पाव, पापड, दही व कांदा. स्वस्त, पोटभर आणि कोणालाही परवडणारी, म्हणून ती लोकांची झाली. अलीकडे शहराबाहेरच्या मळ्यांतून चुलीवरच्या मिसळीची केंद्रे निघाली असून झोपाळे, बैलगाड्या आणि छायाचित्रे घेण्याच्या जागा यांची तेथे रेलचेल आहे. कुटुंबाला मोकळी हवा मिळते, हे चांगलेच. पण मिसळीचा दर झोपाळ्यामुळे वाढू लागला, तर ती ज्याची न्याहारी होती त्या कामगाराला ती पाहुणी होईल. चूल पाहून जो मोहरतो, त्याने धुरात डोळे चोळीत फुंकणारी बाईही पाहावी.

अशा बायांचा विषय निघाला म्हणजे गिरणगावाची आठवण अपरिहार्य आहे. घर सोडून मुंबईस आलेल्या हजारो गिरणीकामगारांना तेथील बायका आपल्या खोलीत महिनेवारीने जेवू घालीत. सावकाराच्या व्याजाखाली त्या पिचलेल्या होत्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, पुढे गिरण्याच मिटल्या, आणि त्या खाणावळींचे गिऱ्हाईक गेले. शहरातील सर्वांत मोठे उपाहारगृह हे असे पाटीवाचून होते. कामगाराची भूक आणि त्याचा पगार ह्या दोन्ही गोष्टी जाणणारी ती बाई, आपल्या कसोटीस पूर्ण उतरते. शासनाने २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांत सुरू केलेली शिवभोजन थाळी, दोन पोळ्या, भाजी, वरण व भात, हा तीच गरज निराळ्या मार्गाने भागविण्याचा प्रयत्न होता.

येथवर चालकांची परीक्षा झाली. गिऱ्हाइकाचीही व्हावयास हवी. चौदा वर्षांखालील मुलांना हॉटेले, ढाबे व चहाची दुकाने यांत कामास ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. तरीही हमरस्त्यावरच्या एखाद्या ढाब्यात टेबल पुसणारे हात फार लहान दिसतात, आणि सुशिक्षित कुटुंब आपल्या मुलाला ‘शेवटचा घास टाकू नकोस’ असे बजावीत त्याच्याच वयाच्या पोराकडून पाणी मागवून घेते. तेथे चालकास एक शब्द विचारणे, १०९८ या बालसाह्य क्रमांकावर कळविणे, निदान वाढणाऱ्या प्रौढ माणसाला ‘ए’ न म्हणता ‘दादा’ म्हणणे, यास पैसे पडत नाहीत. स्वयंपाक कितीही उत्तम असला, तरी वाढणारा आणि जेवणारा या दोघांनीही मान राखला असेल, तरच विकतचे अन्न अंगी लागते.