एकट्या कारागिराला संकेतस्थळ हवे का?

अंबाबाईच्या दर्शनासाठी कोल्हापुरास आलेला यात्रेकरू चप्पल लाइनीतून एक फेरी मारल्यावाचून सहसा परतत नाही. दुकानदार चार जोड पुढे टाकतो, गिऱ्हाईक चामडे वाकवून पाहते, भावाची थोडी घासाघीस होते आणि जोड पिशवीत पडतो. हा जोड ज्याने केला तो कारागीर मात्र त्या दुकानात नसतो. तो कोठल्या तरी गल्लीत किंवा आसपासच्या खेड्यात, घराच्या ओसरीवर रापी आणि आरी घेऊन बसलेला असतो. पट्ट्यांवरची वेणी बहुधा त्याच्या घरातील स्त्रीने घातलेली असते. तिचे नाव कोठेच नसते आणि त्याचेही नसते. नागपूरला किंवा नांदेडला परतलेल्या गिऱ्हाइकाचा तो जोड तीन-चार वर्षे उत्तम चालतो. मग तसाच दुसरा हवा असे त्याला वाटते. आता त्याने विचारायचे कोणाला?

एकट्याने धंदा करणाऱ्या माणसाला गिऱ्हाईक मिळवण्यासाठी संकेतस्थळाची, म्हणजेच वेबसाईटची, गरज आहे काय, हा प्रश्न या ठिकाणी उभा राहतो. अलीकडे तालुक्याच्या गावीही संकेतस्थळे करून देणारे लोक फिरू लागले आहेत. ‘संकेतस्थळ नसेल तर धंदा बुडाला’ असे ते छातीठोकपणे सांगतात. कारागीर गोंधळतो आणि सल्ला विचारायला येतो तो शाळेतल्या गुरुजींकडे, ग्रामपंचायतीच्या सदस्याकडे किंवा पंचायत समितीतल्या एखाद्या ओळखीच्या कर्मचाऱ्याकडे. उत्तर देण्याची जबाबदारी अशा रीतीने याच मंडळींवर येऊन पडते, आणि ते उत्तर सरसकट ‘हो’ किंवा सरसकट ‘नाही’ असे देता येत नाही.

ज्यांना त्याची गरज नाही, त्यांचा विचार आधी करणे सोपे आहे. गावातील शिंपी, न्हावी, पिठाची गिरणी चालवणारा, सायकल दुरुस्त करणारा यांचे गिऱ्हाईक पायी चालत येण्याच्या अंतरावर राहते. शिंप्याने एखाद्या लग्नघरचे कपडे वेळेवर दिले तर त्याची वार्ता कोणत्याही यंत्राहून लवकर गावभर होते, आणि दिले नाहीत तर त्याहूनही लवकर. अशा व्यावसायिकाने संकेतस्थळावर पैसे घालणे हा निव्वळ अपव्यय होय. त्याला हवी स्वच्छ अक्षरांतली पाटी, तिच्यावर चालू असलेला मोबाईल क्रमांक आणि गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद. ही नोंद विनामूल्य होते. दुकानाची खरी वेळ, सुटीचा वार आणि दोन छायाचित्रे तीत घातली म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्या परगावच्या माणसालाही दुकान सापडते. व्हॉट्सअॅपने 2018 साली छोट्या व्यावसायिकांसाठी जे वेगळे अॅप काढले, त्यात मालाची छायाचित्रे किमतीसह मांडून ठेवता येतात. त्यालाही पैसे पडत नाहीत. एवढ्यावर त्याचे काम भागते. फोन मात्र उचलला पाहिजे. नकाशावर दुकान उघडे आणि प्रत्यक्षात कुलूप, असा अनुभव आलेले गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही.

चप्पल करणाऱ्या कारागिराची स्थिती याहून वेगळी आहे. त्याच्या मालाचे चाहते दूरवर पसरलेले आहेत. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले चामडे, खिळ्याऐवजी चामड्याच्याच वादीने घातलेले टाके, अंगठा, कान आणि वेणी यांची ठरलेली घडण, यांमुळे खरा कोल्हापुरी जोड जाणकाराला हाताळताच ओळखू येतो. 2019 साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर असे एकूण आठ जिल्हे येतात. जून 2025 मध्ये इटलीतील मिलान येथे एका नामांकित फॅशनसंस्थेने तशाच घाटाची पादत्राणे मांडली, तेव्हा मूळ कारागिरांचा उल्लेखही नव्हता म्हणून येथे मोठी ओरड झाली. पुढे त्या संस्थेने या चपलेपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले. त्या दिवसांत ‘कोल्हापुरी’ हा शब्द देशोदेशीच्या वृत्तपत्रांत झळकला. परंतु ती बातमी वाचून एखाद्याला अस्सल जोड थेट करणाऱ्याकडूनच घ्यावासा वाटला असता, तर त्या ओसरीपर्यंत पोहोचण्याची वाट कोणती होती? ज्याचा पत्ता कोठेच नोंदलेला नाही, त्याच्या कलेची कीर्ती झाली तरी तिचे मोल त्याच्या हाती येत नाही.

येथे एका गैरसमजाचे निराकरण करणे अवश्य आहे. संकेतस्थळ केले की गिऱ्हाइकांची रीघ लागेल, असे सांगितले जाते. वस्तुतः एकट्या कारागिराला रीघ परवडणारीच नसते. समजा, घरातल्या माणसांच्या मदतीने आठवड्याला दहा जोड होतात. शंभर जणांनी मागणी केली तरी जोड दहाच होणार. उरलेल्या नव्वदांना विलंब, मग तक्रार, मग बदनामी. काही जण अशा वेळी बाजारातून तयार माल आणून आपला म्हणून पाठवतात आणि होते नव्हते ते नाव घालवून बसतात. तेव्हा प्रश्न अधिक गिऱ्हाइके मिळवण्याचा नाही, योग्य गिऱ्हाईक मिळवण्याचा आहे. दहापैकी दोन जोड जरी ओळखीने, थेट आणि पुऱ्या किमतीला गेले, तरी दुकानदाराच्या दरात आणि गिऱ्हाइकाच्या किमतीत जे अंतर असते ते घरात येते. मुलीच्या शाळेची फी त्या अंतरातून निघू शकते. उरलेले आठ जोड दुकानदाराकडे जावेत, यात कमीपणा नाही. चामड्यासाठी उचल तोच देतो आणि विक्री मंदावलेल्या पावसाळ्यातही थोडाफार माल तोच उचलतो. त्याच्याशी असलेला व्यवहार तोडून केवळ संकेतस्थळाच्या भरवशावर राहणे शहाणपणाचे नव्हे.

मग मोठ्या विक्रीमंचांवर माल का ठेवू नये? अवश्य ठेवावा, परंतु हिशेब करून. तेथे दलाली द्यावी लागते, मापात न बसलेला जोड परत येतो आणि रक्कम काही दिवसांनी हाती पडते. कराचाही प्रश्न आहे. पूर्वी अशा मंचावरून माल विकणाऱ्या प्रत्येकाला, उलाढाल कितीही लहान असली तरी, वस्तू व सेवा कराची नोंदणी सक्तीची होती. 1 ऑक्टोबर 2023 पासून राज्यांतर्गत विक्री करणाऱ्या लहान विक्रेत्यांना काही अटींवर त्यातून सूट मिळाली. परराज्यात माल पाठवणाऱ्यासाठी नियम अधिक कडक आहेत. काही हस्तकलावस्तूंना तेथेही मर्यादित सवलत आहे, आपला माल तीत बसतो की नाही हे कर कार्यालयात विचारूनच पुढे जावे. स्वतःचे संकेतस्थळ असले म्हणून हा प्रश्न टळत नाही.

याहून मोठी अडचण अशी, की परक्याच्या जागेत मांडलेले दुकान परक्याच्या मर्जीवर चालते. 29 जून 2020 रोजी केंद्र शासनाने टिकटॉकसह 59 अॅपवर बंदी घातली. त्या निर्णयाची कारणे सबळ असतील, पण ज्या लहान व्यावसायिकांनी आपली सारी ओळख तेवढ्या एकाच ठिकाणी उभी केली होती, त्यांची ती ओळख एका रात्रीत पुसली गेली. गूगलने व्यवसायाच्या नोंदीबरोबर फुकट संकेतस्थळ करून देण्याची सोय ठेवली होती. मार्च 2024 मध्ये तीही संस्थळे बंद करण्यात आली. पाटीवर आणि खोक्यावर तो पत्ता छापून घेतलेल्यांना पुन्हा रंगारी बोलवावा लागला. फुकट मिळालेली सोय जरूर वापरावी, परंतु ती आपली नव्हे हे विसरू नये.

म्हणून ज्याचे गिऱ्हाईक दूरचे आहे, ज्याच्या मालाला नाव आहे आणि ज्याला त्या नावाने ओळखले जायचे आहे, त्याला स्वतःचे एक लहानसे संकेतस्थळ उपयोगी पडते. ते फार मोठे असण्याचे कारण नाही. एक पान पुरे. गिऱ्हाईक तेथे शोधत येईल अशी अपेक्षाही ठेवू नये. बहुतेक जण येतील ते कोणाच्या पायातली चप्पल पाहून, किंवा खोक्यावरचा पत्ता वाचून. हा माणूस खरा आहे ना, पैसे पाठवले तर जोड येईल ना, एवढीच खात्री त्यांना करून घ्यायची असते. त्या पानावर कारागिराचे नाव, गावाचा पूर्ण पत्ता, कामाच्या जागेचे छायाचित्र, प्रत्येक घाटाची किंमत आणि जोड किती दिवसांत मिळेल ते लिहावे. मापासाठी केवळ क्रमांक विचारू नये. जाड कागदावर पाय ठेवून कडेने पेन्सिलीची रेघ ओढावी व त्याचे छायाचित्र मोजपट्टीसह पाठवावे, असे सांगावे. परत येणारे जोड त्यामुळे पुष्कळ कमी होतात. चप्पल भिजवू नये, हेही तेथेच स्पष्ट लिहावे. मुंबईच्या पावसात घालून मग तक्रार करणारे गिऱ्हाईक भेटतेच. मानांकनाखाली अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी झालेली असल्यास तिचा उल्लेख करावा. ऑनलाइन विक्रीसाठी 2020 साली झालेल्या ग्राहक संरक्षण नियमांचा रोख विक्रेत्याची ओळख, पत्ता, एकूण किंमत आणि माल परत घेण्याच्या अटी गिऱ्हाइकाला आधी कळाव्यात असा आहे. सरळ व्यवहार करणाऱ्याला त्याचे ओझे वाटू नये.

पैशाच्या बाबतीत एक सावधगिरी प्रत्येक कारागिराला समजावून द्यायला हवी. यूपीआयने पैसे घेताना गुप्त पिन टाकावा लागत नाही. मोठी मागणी नोंदवतो, आगाऊ रक्कम पाठवतो, फक्त हा कोड स्कॅन करून पिन टाका, असे कोणी म्हणाले तर फोन तेथेच बंद करावा.

सर्वांत अधिक नुकसान होते ते मात्र निराळ्याच ठिकाणी, आणि ते कागदावर असल्यामुळे लवकर लक्षात येत नाही. संकेतस्थळाचा पत्ता नोंदवावा लागतो आणि दर वर्षी शुल्क भरून तो चालू ठेवावा लागतो. करून देणारा माणूस पुष्कळदा ही नोंद स्वतःच्याच नावाने करतो. कारागिराला त्यात काही वावगे वाटत नाही. वर्षभराने तो मनुष्य दुप्पट पैसे मागतो, नाही तर फोनच उचलत नाही, आणि खोक्यांवर छापलेला, गिऱ्हाइकांच्या तोंडी बसलेला पत्ता हातचा जातो. शेताचा सातबारा दुसऱ्याच्या नावावर ठेवून कोणी त्यात विहीर खणत नाही. तोच विचार येथे करावा. नोंदणी कारागिराच्या नावाने, त्याच्या स्वतःच्या ईमेलवर व मोबाईलवर झालेली असावी आणि पासवर्ड घरातील वहीत लिहून ठेवलेला असावा. साध्या पत्त्याचे वार्षिक शुल्क साधारणतः हजार रुपयांच्या आतबाहेर असते. पहिल्या वर्षी कमी सांगून पुढे वाढवण्याची पद्धत आहे, म्हणून दुसऱ्या वर्षाचा दर आधीच विचारावा. 27 ऑगस्ट 2014 पासून ‘.भारत’ या शेवटाने देवनागरीतही पत्ता घेता येतो. मराठी गिऱ्हाइकांसाठी तो शोभतो. मात्र बंगालमधला किंवा परदेशातला माणूस रोमन अक्षरेच टंकणार, हे ध्यानात घेऊन शक्य तर दोन्ही घ्यावेत.

येथे उपस्थित असलेल्या पंचायत सदस्यांचा या विषयाशी संबंध सल्ल्यापुरताच मर्यादित नाही. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत पादत्राणे करणाऱ्यांसह 18 पारंपरिक व्यवसायांचा समावेश करण्यात आला, आणि अर्जाची पहिली पडताळणी ग्रामीण भागात ग्रामपंचायतीकडे सोपवण्यात आली. त्या निमित्ताने गावातील कारागिरांची नावे पंचायतीसमोर येतात. ती यादी केवळ पडताळणीपुरती न ठेवता, संमती देतील त्यांचे नाव, कसब आणि मोबाईल क्रमांक पंचायतीच्या फलकावर आणि संकेतस्थळावर द्यावा. ज्याला स्वतःचे पान परवडत नाही त्याला तेवढाही आधार होतो. अर्थात पंचायतीचे पान अद्ययावत असेल तर. काही गावांच्या पानांवर अजून मागच्या सरपंचांचेच छायाचित्र हसत असते.

शिक्षकांचे साहाय्य याहून थेट होऊ शकते. एका पानाचा शुद्ध मराठी मजकूर आणि त्याचा साधा इंग्रजी तर्जुमा हे वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना गुरुजींच्या देखरेखीखाली जमण्यासारखे काम आहे. छायाचित्रे दिवसाउजेडी, ओसरीवर, पांढऱ्या कापडावर जोड ठेवून काढावीत. मजकुरात वेणी घालणाऱ्या स्त्रीचेही नाव असावे. पान तयार झाल्यावर ते कारागिराला मोठ्याने वाचून दाखवावे आणि त्याने हो म्हटल्यावरच प्रसिद्ध करावे. नोंदणीच्या नूतनीकरणाची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहावी. शक्यतो ती पावसाळ्यात पडू देऊ नये. त्या दिवसांत चामडे वाळत नाही, विक्री मंदावते आणि हजार रुपये काढणे जड जाते.